इतिवृत्तातला ‘कोणी’ हा रकाना

तुरुंगात गेलेली बहुतेक माणसे कधी ना कधी बाहेर येतात. ज्याने बलात्कार केला, ज्याने लहान मुलाला इजा केली, ज्याने कोणाला मरणाच्या दारात नेऊन सोडले, त्याच्याही शिक्षेचा शेवटचा दिवस उजाडतो. त्या सकाळी सामानाची पिशवी घेऊन दारात उभ्या असलेल्या त्या माणसाविषयी वेगवेगळ्या कार्यालयांना वेगवेगळ्या गोष्टी ठाऊक असतात. आतमध्ये त्याने कोणाशी मारामारी केली हे तुरुंगाला माहीत असते. न्यायालयापर्यंत न पोहोचलेल्या त्याच्याविरुद्धच्या जुन्या तक्रारी पोलिसांच्या दप्तरात असतात, त्याने औषधे घेणे केव्हा थांबवले ते मनोविकारतज्ज्ञाला माहीत असते, तो ज्या बाईकडे राहायला जाणार आहे तिला सहा वर्षांची मुलगी आहे हे बालकल्याण विभागाला माहीत असते, आणि त्याला दुसरीकडे खोली मिळू शकते की नाही हे केवळ गृहनिर्माण विभागाला माहीत असते. धोका दिसतो तो हे सगळे तुकडे एकत्र ठेवल्यावर.

हे तुकडे एकत्र आणण्याचे काम कायद्याने बंधनकारक करण्याचा सर्वांत दीर्घ आणि सर्वांत नोंदबद्ध प्रयोग इंग्लंड आणि वेल्समध्ये झाला आहे. त्या व्यवस्थेचे नाव लोकसंरक्षणासाठीची बहुसंस्था व्यवस्था. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे ‘मॅप्पा’ म्हणतात. तिचा अभ्यास करताना माझे जे मत बनले ते असे, की माहितीची देवाणघेवाण ही या कामाची अर्धी बाजू आहे आणि गेली वीस वर्षे सुधारणेचा बहुतेक जोर त्या अर्ध्या बाजूवरच खर्च झाला. उरलेली अर्धी बाजू म्हणजे, सगळ्यांना सगळे कळल्यानंतर निर्णय कोणाचा, आणि तो अमलात आला की नाही हे पाहणारा कोण. ती अजूनही दुबळी आहे, आणि लोक मरतात ते बहुधा तिथे.

ही व्यवस्था आधी वरून आली नाही. १९९० च्या दशकात वेस्ट यॉर्कशरसारख्या भागांत पोलीस आणि प्रोबेशन अधिकारी (म्हणजे सुटलेल्या कैद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सेवेतले अधिकारी) आपापसांत ठरवून धोकादायक व्यक्तींबद्दल एकत्र बसू लागले होते. १९९७ मध्ये लैंगिक गुन्हेगारांनी आपला पत्ता पोलिसांना कळवण्याचे बंधन आले. २००० च्या कायद्याने पोलीस आणि प्रोबेशन यांच्यावर एकत्रित जबाबदारी टाकली आणि एप्रिल २००१ पासून ती प्रत्यक्षात आली. २००३ च्या फौजदारी न्याय कायद्याने तुरुंग सेवेलाही या ‘जबाबदार प्राधिकरणा’त तिसरा भागीदार केले, आणि आरोग्य, गृहनिर्माण, शिक्षण, समाजसेवा, रोजगार अशा संस्थांवर सहकार्याचे कर्तव्य लादले. आज ४२ भागांत ही व्यवस्था चालते. नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगार ही पहिली वर्गवारी, आणि एकूण संख्येत सर्वांत मोठा वाटा तिचाच. बारा महिने किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेले हिंसक गुन्हेगार दुसऱ्या वर्गात, इतर धोकादायक व्यक्ती तिसऱ्यात, आणि २०२२ च्या कायद्यानंतर दहशतवादाशी संबंधित व्यक्तींसाठी चौथा. सगळे मिळून हा आकडा अलीकडच्या वर्षांत ९० हजारांच्या आसपास गेला आहे.

मॅप्पा ही संस्था नाही, ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. ती आदेश देऊ शकत नाही आणि कोणाला अटक करू शकत नाही. एखाद्या रुग्णालयाला ‘याला दाखल करा’ किंवा गृहनिर्माण विभागाला ‘याला घर द्या’ असे फर्मावण्याचा अधिकार बैठकीच्या अध्यक्षाला नाही. प्रत्येक संस्था आपले अधिकार, आपला पैसा, आपले नियम आणि आपली माणसे घेऊन येते आणि तेवढेच घेऊन परत जाते. हे मुद्दाम असे ठेवले गेले, आणि त्यात शहाणपणही होते. डॉक्टरला पोलिसांच्या हाताखाली घातले तर रुग्ण डॉक्टरशी बोलणार नाही. पण मराठीत आपण ज्याला बारभाईचा कारभार म्हणतो त्याची बीजेही याच रचनेत आहेत.

मॅप्पात हाताळणीच्या तीन पातळ्या असतात, आणि वरच्या दोन पातळ्यांवर अनेक संस्था एकत्र बसतात. अशा एखाद्या बैठकीत काय होते ते पाहू. सुरुवातीला गोपनीयतेचे निवेदन वाचले जाते. मागच्या बैठकीत ठरलेली कामे झाली का, ते तपासले जाते. मग पोलीस अधिकारी गेल्या सहा आठवड्यांत काय घडले ते सांगतो, प्रोबेशन अधिकारी भेटी झाल्या की चुकल्या ते सांगतो, मानसिक आरोग्य विभागाची परिचारिका जपून, मोजक्या शब्दांत काही सांगते, कोणाचा तरी प्रतिनिधी आलेला नसतो. इतिवृत्तात शेवटी एक तक्ता असतो: काय करायचे, कोणी करायचे, कधीपर्यंत. ‘काय’ हा रकाना नेहमी भरलेला असतो. ‘कोणी’ या रकान्यात ‘प्रोबेशन व पोलीस’ असे लिहिले जाते तेव्हा मला काळजी वाटते, कारण जोडीने सोपवलेले काम करताना दोघांपैकी प्रत्येकाला दुसरा ते करतो आहे असे प्रामाणिकपणे वाटू शकते.

माहिती जोडली न गेल्याने काय होते, हे त्या देशाने २००२ मध्ये सोहॅम या गावी पाहिले. दोन दहा वर्षांच्या मुलींचा खून करणारा इयन हंटली हा एका शाळेत केअरटेकर होता. त्याआधी दुसऱ्या परगण्यात त्याच्याविरुद्ध लैंगिक गुन्ह्यांचे अनेक आरोप पोलिसांकडे आणि समाजसेवा विभागाकडे आले होते. पण ते सुटे सुटे हाताळले गेले, दोषसिद्धी कशातच झाली नाही आणि सगळे आरोप शेजारी शेजारी ठेवून कोणी पाहिले नाही. शाळेतल्या नोकरीसाठी त्याने निक्सन हे आडनाव लावून अर्ज केला. अर्जाच्या कागदांवर त्याचे दुसरे नावही होते, तरी पोलिसांनी शोध घेतला तो केवळ ‘निक्सन’ या नावाचा, आणि उत्तर आले की काही आढळले नाही. एका नावाचा शोध राहून गेला, एवढी लहान ती चूक होती. २००४ च्या बिचर्ड चौकशीने माहितीच्या व्यवस्थेचे वाभाडे काढले. त्यातूनच पुढे पोलिसांचा राष्ट्रीय माहितीसंच उभा राहिला. मॅप्पासाठीही पोलीस, तुरुंग आणि प्रोबेशन या तिघांनी वापरायचा ‘व्हायसर’ हा संगणकीय नोंदसंच त्याच दशकात आला. हे सारे आवश्यकच होते. फक्त त्यातून एक समजूत दृढ झाली, की पुढच्या वेळी माहिती वेळेत पोहोचली म्हणजे काम झाले.

२९ नोव्हेंबर २०१९ रोजी लंडन ब्रिजजवळच्या फिशमाँगर्स हॉलमध्ये जे घडले त्याने ही समजूत मोडायला हवी होती. दहशतवादी कटासाठी शिक्षा झालेला उस्मान खान डिसेंबर २०१८ मध्ये सुटला होता. त्याच्यावर अटी होत्या, इलेक्ट्रॉनिक टॅग होता आणि त्याच्याबद्दल मॅप्पाच्या बैठका नियमित होत होत्या. प्रोबेशन, पोलीस, दहशतवादविरोधी पथक या सर्वांचे लोक त्या बैठकांना येत. गुप्तचर खात्याचे अधिकारीही हजर राहिले होते. कैद्यांच्या शिक्षणाशी संबंधित एका विद्यापीठीय कार्यक्रमाच्या समारंभासाठी तो स्टॅफर्डहून एकटा ट्रेनने लंडनला गेला आणि तिथे त्याने दोन तरुणांचा जीव घेतला. त्या दोघांनी आपले आयुष्य नेमके अशाच लोकांच्या पुनर्वसनासाठी वाहिले होते, हे लिहिताना आजही हात थबकतो. २०२१ मध्ये मृत्यूंच्या न्यायिक चौकशीत ज्यूरीने जो निष्कर्ष दिला त्यात माहिती आणि मार्गदर्शन यांची देवाणघेवाण अपुरी पडल्याचा उल्लेख आहेच. सुटकेनंतर तो जुन्या मार्गाला लागेल, हल्ल्याचाही विचार करतो आहे, अशी गुप्त माहिती होती, आणि ती त्याच्याशी रोज संबंध येणाऱ्यांपर्यंत पोहोचली नव्हती. पण त्याच निष्कर्षात व्यवस्थापनातल्या गंभीर उणिवांवर आणि उत्तरदायित्वाच्या अभावावर बोट ठेवले आहे. सुधारलेल्या कैद्याचे आदर्श उदाहरण म्हणून त्याच्याकडे पाहिले गेल्याने त्याच्यापासूनचा धोका दिसेनासा झाला, असेही ज्यूरीने म्हटले.

या प्रकरणात टेबलाभोवती माणसे कमी नव्हती. खरे तर इतकी होती की प्रत्येकाला आपल्यापेक्षा अधिक जाणणारा कोणीतरी समोर बसला आहे असे वाटावे. प्रोबेशनला वाटावे की दहशतवादाचा अंदाज दहशतवादविरोधी अधिकारी बांधतील, त्यांना वाटावे की प्रवासाची परवानगी ही प्रोबेशनची बाब आहे. अशा खोलीत गप्प बसणे म्हणजे संमती ठरते आणि ती संमती कोणाचीच नसते. त्यानंतर सरकारने नेमलेल्या परीक्षणातून २०२२ च्या कायद्यात माहिती देण्याघेण्याचे अधिकार अधिक स्पष्ट केले गेले. तेही योग्यच झाले. पण पुन्हा भर पडली ती माहितीच्याच बाजूला.

माझे म्हणणे असे, की वरच्या दोन पातळ्यांवर हाताळल्या जाणाऱ्या प्रत्येक व्यक्तीसाठी एक नाव असावे. पदनाम किंवा संस्था पुरेशी नाही. एका माणसाचे नाव हवे, आणि त्या माणसाला तीन गोष्टी हव्यात. अटीत किंवा दिनक्रमात बदल सुचवणारी प्रत्येक विनंती, मग ती समारंभाला जाण्याची असो की नव्या नोकरीची, आधी त्याच्याकडे यावी आणि त्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ कारणासह लिहावे. कोणत्याही संस्थेने ठरलेले काम केले नाही तर त्या संस्थेच्या वरिष्ठाला थेट विचारण्याचा आणि लेखी उत्तर मागण्याचा अधिकार त्याला असावा. आणि त्याच्याकडे अशी प्रकरणे इतकी थोडी असावीत की प्रत्येक चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर राहील. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महाग आहे, म्हणून तीच नेहमी गाळली जाते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो घेणारे बहुधा याच कामात वर्षानुवर्षे झिजलेले लोक असतात, म्हणून तो गांभीर्याने घ्यायला हवा. एक नाव लिहिले की काही वाईट घडल्यावर वर्तमानपत्रांना एक बळीचा बकरा मिळेल. मग तो अधिकारी भीतीपोटी प्रत्येकाला ‘अतिधोकादायक’ ठरवील, किरकोळ चुकीसाठी माणसाला परत तुरुंगात पाठवील, आणि सुधारू पाहणाऱ्याचाही रस्ता बंद होईल. ही भीती खरी आहे. पण आज जबाबदारी विखुरलेली असतानाही बळीचा बकरा शोधला जातोच, आणि तो बहुधा पायरीच्या तळाशी उभा असलेला, चार महिन्यांपूर्वी रुजू झालेला प्रोबेशन अधिकारी असतो. ज्याला निर्णयाचा अधिकारच नव्हता त्याच्या माथी निर्णय मारला जातो. अधिकार आणि नाव एकाच ठिकाणी असतील तर निदान विचारलेला प्रश्न योग्य माणसाला विचारला जाईल. स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेला निर्णय आणि त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर नीट विचार करून घेतलेला निर्णय यांत फरक करण्याची शिस्त चौकशी करणाऱ्यांनीही पाळली पाहिजे. दुसऱ्या प्रकारचा निर्णय चुकला तरी त्या अधिकाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याची जाहीर हमी वरिष्ठांनी द्यायला हवी. धोका शून्यावर आणता येत नाही. जे वाजवीपणे करता येण्यासारखे होते ते केले गेले का, एवढेच समाज मागू शकतो, आणि तेवढे मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

आता खालच्या पातळीकडे वळतो, कारण संख्येने जवळजवळ सगळे तिथेच आहेत. मॅप्पाच्या तीन पातळ्यांपैकी पहिल्या पातळीवर एकच संस्था आपल्या नेहमीच्या पद्धतीने त्या व्यक्तीवर लक्ष ठेवते, आणि ९० हजारांपैकी अगदी थोड्यांचा अपवाद सोडता सर्व जण याच पातळीवर असतात. हे चूक नाही. सगळ्यांसाठी दहा जणांची बैठक बोलावली तर ज्यांच्यासाठी ती खरोखर हवी त्यांनाही वेळ मिळणार नाही. पण यामुळे सारी भिस्त धोक्याच्या पहिल्या मूल्यमापनावर येते. २०२२ च्या जून महिन्यात लंडनच्या पूर्व भागात रात्री घरी चाललेल्या ३५ वर्षांच्या स्त्रीचा खून झाला, तेव्हा तिचा मारेकरी तुरुंगातून सुटून नऊ दिवस झाले होते. प्रोबेशनने त्याला ‘मध्यम’ धोक्याचा ठरवले होते. प्रोबेशन निरीक्षकांच्या जानेवारी २०२३ च्या अहवालानुसार तुरुंगातली त्याची वागणूक आणि जुना इतिहास एकत्र पाहिला असता तर तो ‘उच्च’ धोक्याचा ठरला असता. ती माहिती वेगवेगळ्या ठिकाणी होती आणि ती जोडण्याचे काम कोणी केले नाही. तो भेटींना आला नाही, आणि त्याला परत तुरुंगात घेण्याच्या कागदावर सही व्हायला जे दिवस गेले त्यांची किंमत त्या स्त्रीने मोजली.

तो सुटला तो शुक्रवार होता. शुक्रवारी दुपारी सुटलेला माणूस घर, औषध, भत्ता, भेटीची वेळ यांसाठी दारोदार फिरतो तोवर कार्यालये बंद होतात आणि मधले दोन दिवस त्याच्याकडे बघणारे कोणी नसते. हे इतके उघड होते की २०२३ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून शुक्रवारी किंवा सुट्टीच्या आधी येणारी सुटका दोन कामकाजाच्या दिवसांपर्यंत आधी करण्याची मुभा दिली. मला हा कायदा त्या मोठमोठ्या माहितीसंचांइतकाच मोलाचा वाटतो, कारण तो सुटणाऱ्या माणसाच्या पहिल्या ७२ तासांकडे पाहतो.

घराचा प्रश्न याहून बिकट आहे. ज्याला राहायला जागा नाही त्याच्यावर लक्ष ठेवता येत नाही; ज्याचा पत्ता रोज बदलतो त्याच्या घरी पोलीस अचानक भेट देणार तरी कुठे? सक्तीच्या देखरेखीची सरकारमान्य वसतिगृहे आहेत, पण ती काही आठवड्यांसाठी असतात, आणि त्यानंतर गृहनिर्माण विभागाने काही केले नाही तर आधी खर्च केलेली सगळी मेहनत फुटपाथवर येते. सहकार्याचे कर्तव्य या विभागावर कायद्याने आहे. पण बैठकीला माणूस पाठवला की कर्तव्य पुरे होते, असे मानण्याची सवय मोडायला हवी.

हे सगळे गुपचूप का, लोकांना नावे आणि पत्ते सांगून का टाकत नाही, असा प्रश्न आई-वडील विचारतात, आणि त्यांचा जीव तुटतो म्हणून विचारतात. २००० च्या उन्हाळ्यात ससेक्समध्ये एका आठ वर्षांच्या मुलीचा खून झाला आणि तिचा मारेकरी आधीच शिक्षा भोगलेला, लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत नाव असलेला निघाला. एका वृत्तपत्राने अशा गुन्हेगारांची नावे छापायला सुरुवात केली. पोर्ट्समथच्या पॉल्सग्रोव्ह वस्तीत जमावाने घरांवर हल्ले केले आणि ज्यांचा काही संबंध नव्हता अशी कुटुंबेही पळून गेली. वेल्समध्ये तर एका बालरोगतज्ज्ञ महिलेच्या घरावर घाणेरडा शब्द रंगवला गेला, कारण तिच्या व्यवसायाचे इंग्रजी नाव आणि त्या गुन्हेगारांसाठीचे इंग्रजी नाव सारखेच सुरू होते. पळून गेलेला गुन्हेगार हा सर्वांत धोकादायक गुन्हेगार असतो. पुढे २०११ पर्यंत सर्व पोलीस दलांत जी पद्धत आली ती मला योग्य वाटते: एखाद्या मुलाच्या सहवासात येणाऱ्या विशिष्ट व्यक्तीबद्दल पालक पोलिसांना विचारू शकतात, आणि गरज असेल तर त्यांना, आणि फक्त त्यांना, सांगितले जाते.

शिक्षा भोगून आलेल्या माणसाचा हक्क हा या चर्चेत बहुधा ओशाळवाणा विषय असतो. जन्मठेपेतून अटींच्या परवान्यावर सुटलेल्या एका माणसाने २००५ मध्ये विंचेस्टरमध्ये एका स्त्रीचा खून केला. त्या प्रकरणाच्या २००६ च्या अहवालाने ठणकावून सांगितले की त्याच्या हक्कांचा विचार करता करता लोकांच्या सुरक्षेवरचे लक्ष ढळले. हे मान्य करूनही मी म्हणेन की हक्क आणि सुरक्षा ही एका तराजूची दोन पारडी नाहीत. आयुष्यभर पुनर्विचाराविना पोलिसांच्या नोंदवहीत राहणे हे खासगी आयुष्याच्या हक्काशी विसंगत आहे, असा २०१० मधील ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आशय होता, आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी फेरतपासणी मागण्याची सोय झाली. ज्याला बदलण्याचे काहीच कारण उरत नाही त्याच्यावर लक्ष ठेवणे सर्वांत कठीण जाते. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात १९९४ मध्ये काही धार्मिक स्वयंसेवकांनी एका सुटलेल्या गुन्हेगाराभोवती चार-पाच माणसांचे मंडळ उभे केले, त्याच्याशी दर आठवड्याला भेटले, त्याच्याकडून हिशेबही मागितला. हीच कल्पना पुढे इंग्लंडमध्ये आली आणि मॅप्पाच्या बरोबरीने चालते. त्या मंडळातल्या प्रत्येकाला त्या माणसाचे नाव माहीत असते आणि त्यालाही त्यांची नावे माहीत असतात. सरकारी बैठकीत जे हरवते ते हेच.

या व्यवस्थेमुळे गुन्हे कमी झाले का? न्याय मंत्रालयाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मॅप्पा आल्यानंतर सुटलेल्यांत वर्षभरात पुन्हा दोषी ठरण्याचे प्रमाण आधी सुटलेल्या तशाच गटापेक्षा कमी आढळले. त्याचे सारे श्रेय या व्यवस्थेला देता येत नाही, पण ती मोडीत काढा म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष विसरू नये. मी तिच्यावर इतके लिहितो ते ती टिकावी म्हणूनच.

प्रत्येक भाग दरवर्षी अहवाल छापतो. त्यात किती जण नोंदणीत आहेत, किती जणांना अटी मोडल्याने परत तुरुंगात पाठवले, असे आकडे असतात. प्रत्येक भागात सामान्य नागरिकांतून नेमलेले दोन सल्लागारही असतात, ज्यांचे काम बाहेरच्या नजरेने प्रश्न विचारणे हे आहे. त्या सल्लागारांच्या हाती दरवर्षी आणखी एक पान द्यावे: वरच्या पातळीच्या बैठकांत किती कामे ठरली, त्यांपैकी कितींसमोर एकाच व्यक्तीचे नाव होते, किती मुदतीत झाली, आणि कोणत्या संस्थेची खुर्ची किती वेळा रिकामी होती. हे पान अहवालाच्या सुरुवातीला छापावे, आणि त्याखाली सही असावी ती त्या भागातल्या पोलीस, प्रोबेशन आणि तुरुंग या तिन्ही प्रमुखांची, प्रत्येकाची वेगळी.